शाळेचा निरोप

गेल्या जून महिन्यांत माझ्या धाकट्या भावाची मुलगी पांचवी इयत्ता संपवून सहावींत गेली. त्या एका महिन्यांत शाळेकडून तिच्या आईच्या मोबाईलवर किती निरोप यावेत याला सुमार राहिला नाहीं. वह्या किती पानी घ्याव्या, त्यांवर कोणत्या रंगाचें वेष्टन घालावें, आतां प्रत्येक विषयाला निराळे शिक्षक असल्यामुळें दप्तर कसें भरावें, पहिली चांचणी केव्हां, पालकसभा कोणत्या शनिवारीं, असे एकावर एक निरोप चाललेच होते. शेवटीं भावजय त्रासून म्हणाली, "भाऊजी, शाळेंत ही जाते कीं मी जातें?" मीं हंसून वेळ मारून नेली; परंतु तिचा प्रश्न मनांतून जाईना. शाळेनें घराला कांहीं कळवावें, आणि तेंही आज काय झालें एवढेंच नव्हे, तर उद्यां काय येणार आहे तें कळवावें, ही अपेक्षा आपल्याकडे फार जुनी नाहीं. ती कशी उत्पन्न झाली, आणि ती नव्हती तेव्हां कोणाचें काय गेलें, हें पाहण्यासारखें आहे.

पंतोजींच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. शाळा भरे ती कोणाच्या तरी ओसरीवर, नाहीं तर देवळाच्या सभामंडपांत. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत जी मोजदाद झाली तींत सुमारें १,७०० शाळा व ३५,००० मुलें आढळलीं. म्हणजे सरासरीनें एका पंतोजीपाशीं वीसच मुलें. धुळपाटीवर अक्षरें, मग मोडी, उजळणी, पावकी, निमकी, हा जो क्रम बापाचा तोच मुलाचा. मुलगा कोणत्या पाढ्यावर अडखळतो हें माजघरांत काम करणाऱ्या आईला विचारावें लागत नसे. तें कानांवरच पडे. मुलगा घरीं दडून बसला तर पंतोजी चार दांडगीं पोरें पाठवीत आणि तीं त्याची उचलबांगडी करून नेत. पुढें काय, हेंही ठरलेलें होतें. कुळकर्ण्याच्या मुलानें कुळकर्ण लिहावें, वाण्याच्या मुलानें वही. जेथें पुढचें पाऊल जन्माबरोबरच नेमून दिलेलें असतें, तेथें त्याची वर्दी कोण कोणाला देणार?

मात्र या चित्रानें कोणीं हुरळून जाऊं नये. ओसरीवरचा तो आवाज गांवांतल्या थोड्याच घरांत ऐकूं जात असे. गांवकुसाबाहेर तो पोंचत नव्हता. आणि ज्या घरांत पोंचत होता त्या घरांतल्या मुलींनींही तो नुसता ऐकावयाचाच होता.

१८२२ सालीं मुंबईंत शाळापुस्तक मंडळी निघाली, १८४० त बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें, आणि वुडसाहेबांच्या १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ त विद्याखातें आलें. या तेहेतीस वर्षांत शाळा ओसरीवरून उठून हळूहळू सरकारच्या छपराखालीं गेली. इयत्ता आल्या, छापील पुस्तकें आलीं, हजेरीपट आला, आणि मास्तरांची गाळण उडविणारे डिपुटीही आले. यांतलें पुष्कळसें इष्टच होतें. परंतु शाळेला विचारणारा धनी बदलला. मास्तर जें लिहीत तें डिपुटीसाठीं, डिपुटी जें लिहीत तें वरच्या कचेरीसाठीं. शाळेचा कागद वर जाऊं लागला, आणि घराकडे येणारा आवाज बंद पडला.

याला त्याच काळांतला एक ठळक अपवाद आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां मुलगी तेथें पाठवावी कशाला, हें कळण्यास घरांना कांहींच साधन नव्हतें. अफवा मात्र मुबलक होत्या. फुल्यांच्या मंडळींनीं १८५२ व १८५३ सालीं मुलींच्या जाहीर परीक्षा घेतल्या. ज्याला यावयाचें त्यानें यावें, मुली वाचतात कशा आणि हिशेब करतात कशा तें डोळ्यांनीं पाहावें. आज परीक्षा म्हटली म्हणजे ती मुलाची असें आपण समजतों; ती परीक्षा शाळेची होती, आणि परीक्षक पुणें शहर होतें. पुढें १८५५ त त्यांनीं शेतकरी-मजुरांसाठीं रात्रशाळा काढली, म्हणजे मुलांच्या मागोमाग आईबापांनाही पाटीशीं बसविलें. त्याच वर्षीं त्यांच्या शाळेंतल्या मुक्ता साळवे या लहान मुलीनें आपल्या मांग-महार समाजाच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. शाळेंत काय चाललें आहे याचा इतका स्वच्छ निरोप त्यानंतरच्या शंभर वर्षांत कोणत्याही प्रगतिपुस्तकानें घरीं नेला असेल असें मला वाटत नाहीं.

पण आपल्या विषयाचा खरा गाभा इंग्रजी शाळेंत आहे. मराठी चार इयत्ता झाल्या कीं इंग्रजी पहिली. पहिली ते तिसरी हा मधला टप्पा. त्यापुढें हायस्कूल, आणि सातवी म्हणजे मॅट्रिक, असा पुढें जो सांचा पडला तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांस चांगला परिचित होता. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली, व महादेव गोविंद रानडे तींतच उत्तीर्ण झाले. तेव्हांपासून मध्यम स्थितींतल्या घरांची दृष्टि त्या दाराकडे लागली. दार दिसत होतें. वाट मात्र दिसत नव्हती. कालपर्यंत आईपाशीं बसून पाढे म्हणणारा मुलगा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उघडून बसला, कीं आईच्या दृष्टीनें तो जणुं परमुलखांत गेला. पुष्कळ घरांत इंग्रजी जाणणारा तोच एकटा. शाळेचा कागद त्यानेंच आणावयाचा, त्यानेंच वाचावयाचा आणि अर्थही त्यानेंच सांगावयाचा! चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्यांतलाच हा प्रकार. या व्यवस्थेंत किती नापास मुलें घरच्या घरीं वर चढलीं असतील तें देव जाणे.

कितीएकांचें तर घरच जवळ नव्हतें. कोंकणांतला मुलगा पुण्यास वार लावून जेवे, आणि शाळेच्या दप्तरांत त्याचा 'पालक' म्हणून एखाद्या लांबच्या मामाचें नांव असे. आज आपण पालक म्हणजे आईबाप असें धरून चालतों. त्या दप्तरांत पालक म्हणजे फी कोणापाशीं मागावयाची तो इसम. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें आणि या मुलांची मोठी सोय झाली. पण 'सुखरूप आहें, पांच रुपये पाठवावे' याहून अधिक त्यावर क्वचितच मावे.

घर आणि परीक्षा यांमधलें हें अंतर किती होतें, तें अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्रांतील एका प्रसिद्ध प्रसंगावरून दिसतें. १८७५ सालीं मुरुडच्या या मुलाला सहावीच्या सरकारी परीक्षेला बसावयाचें होतें. हवा बिघडल्यामुळें मुंबईची आगबोट मिळेना, म्हणून तो सोबत्यांबरोबर डोंगर ओलांडून साताऱ्यास पायीं गेला. वाट शंभराहून अधिक मैलांची. परीक्षेला वयाचीं सतरा वर्षें पुरीं लागत, आणि तीं त्याचीं झालेलीं होतीं. परंतु कमिटीच्या प्रमुखांनीं त्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलें आणि तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस म्हणून परत पाठविलें. हा प्रसंग शाळांतून चिकाटीचा धडा म्हणून सांगतात, व तो तसा आहेही. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. नियम मुरुडास ठाऊक असेल. पण त्याचा निवाडा दिसण्यावरून होणार आहे, हें त्या घराला निघण्यापूर्वीं कोणीं कळविलें होतें? ज्यांचे काका-मामा साताऱ्याच्या कचेरींत होते त्यांना असल्या गोष्टी जेवतां जेवतां कळत. शाळेच्या पुढच्या वाटेची माहिती ही अशी कांहीं घराण्यांची वतनी जिनगी होऊन बसली होती, आणि तिच्यावर कोणताही इनाम कमिशनर आला नाहीं.

सामान्य घराला उद्देशून राज्यसत्ता बोलूं लागली ती दंडाच्या भाषेंत. सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ त अमरेली तालुक्यांत व १९०६ त सर्व बडोदें संस्थानांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें. गोपाळराव गोखल्यांचें १९११ चें बिल पुढच्या वर्षीं फेटाळलें गेलें. शाहू महाराजांनीं १९१७ त कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड ठेविला. विठ्ठलभाई पटेलांचा म्युनिसिपालिट्यांपुरता कायदा १९१८ चा. त्या काळीं एक रुपया ही लहान रक्कम नव्हती, आणि दंड कोणाला गोड लागतो? तरी त्या नोटिशींत मला एक प्रकारचा मानही दिसतो. ज्याच्या दाराशीं शाळा कधीं आली नव्हती अशा शेतकऱ्याला प्रथमच कोणीं सांगत होतें, कीं तुझ्या मुलाच्या शिकण्याशीं तुझा संबंध आहे. मात्र सक्ती प्राथमिक इयत्तांपुरतीच. पुढच्या उंबरठ्याला सक्ती नव्हती, म्हणून निरोपही नव्हता.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. माझी थोरली आत्या १९४६ सालीं मराठी चौथींत पहिली आली. तालुक्याच्या गांवच्या इंग्रजी शाळेनें मुलींसाठीं नादारी ठेविली होती; अर्ज जूनअखेर पोंचला पाहिजे. तशा अर्थाचें पत्रक घरीं आलेंही. तें सबंध इंग्रजींत होतें. आजोबा मोडी झरझर वाचीत, बाळबोध वाचीत. इंग्रजी त्यांना येत नव्हतें. फीची कांहीं मागणी असावी असें समजून त्यांनीं तें पंचांगांत घालून ठेविलें. दिवाळीला मुंबईहून चुलत आजोबा आले, त्यांनीं सहज पंचांग उघडलें, आणि पत्रक वाचून कपाळाला हात लावला. पुढच्या जूनपर्यंत घरांत पाळणा हलला होता, पाण्याच्या घागरी आत्याकडे आल्या होत्या. आणि त्यापुढच्या गोष्टी त्या काळच्या रीतीप्रमाणें झाल्या. तिला कोणीं 'शिकूं नकोस' म्हटलें नव्हतें. आजोबांचा विरोध तर मुळींच नव्हता. सुधारणेच्या इतिहासांत आपण विरोधकांचीं नांवें शोधतों, व तीं सांपडतात. पंचांगांत राहिलेलीं पत्रकें कोणत्या दप्तरांत शोधावीं? आत्यानें तें पत्रक शेवटपर्यंत जपून ठेविलें होतें. मीं तें पाहिलें आहे. अवघ्या नऊ ओळी आहेत.

दुसरी रीतही त्याच काळांत चालू होती. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील यांनीं पत्रकावर विसंबून काम केलें नाहीं. ते गांवोगांव हिंडले, लोकांशीं त्यांच्या बोलींत बोलले, आणि मुलें गोळा करून १९२४ च्या साताऱ्याच्या वसतिगृहांत घेऊन आले. ताराबाई मोडक यांनीं मराठी 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारें मुलांपेक्षां मोठ्यांनाच शिकवावयास घेतलें. आईबाप हे नुसते फी भरणारे नसून त्यांनाही कांहीं समजावून द्यावें लागतें, हें त्यांनीं मासिकामागून मासिक काढून दाखविलें. परंतु त्यांचा मुख्य रोंख शिशुवयावर होता. मधल्या इयत्तांचा मुलगा, ज्याचा आवाज फुटूं लागला आहे, ज्याला घरीं कांहीं सांगावेंसें वाटत नाहीं, व ज्याच्या हातांतलीं पुस्तकें घराला कळेनाशीं झालीं आहेत, तो दोहोंकडून सुटलेलाच राहिला.

कायद्यानें ही उणीव मनावर घेतली ती अलीकडे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें. तींत तीन चतुर्थांश सभासद आईबाप असावे आणि एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या असें ठरविलें. विनाअनुदानित शाळा या कलमांतून वगळल्या आहेत. महाराष्ट्रांत २०११ च्या शुल्क-नियमनाच्या कायद्यानें पालक-शिक्षक संघास फीच्या बाबतींत बोलण्याचा अधिकार दिला. म्हणजे 'पालक' या शब्दाचा जुना अर्थ, फी भरणारा इसम, तेथेंही पुनः डोकावला आहेच! असो.

त्या शनिवारच्या पालकसभेला भावजयीऐवजीं मीच गेलों. शिक्षिकाबाईंनीं सांगितलें, कीं यंदांपासून गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविलें जाईल, बाकीचे विषय मराठींतून. पुष्कळांनीं माना डोलावल्या. मागच्या बांकावरून एक बाई उठल्या. कामावरून तशाच आलेल्या दिसत होत्या. "बाई, मुलीचें गणित पांचवीपर्यंत मी घेत आलें," त्या म्हणाल्या. "आतां चुकलें कीं बरोबर आलें, हें मला कसें कळावयाचें?" शिक्षिकाबाई थोड्या थांबल्या. त्यांच्या हातांतल्या छापील सूचनांत याचें उत्तर नसावें. मग त्यांनीं तो कागद टेबलावर ठेविला, खडू घेतला आणि फळ्यावर एकाखालीं एक मराठी शब्द लिहिले: अपूर्णांक, अंश, छेद, लसावि, मसावि, आणि प्रत्येकापुढें इंग्रजी शब्द, त्याचा उच्चार बाळबोधींत. त्या बाई उतरून घेऊं लागल्या. पाहतां पाहतां माझ्या शेजारच्या गृहस्थांनीं पेन काढलें, आणि मींही खिशांत कागद चांचपला.