जोनाह लोमूचं १९९५

आपल्याकडे रग्बी म्हटलं की लंबगोल चेंडू आणि चिखलातली झटापट, एवढंच डोळ्यांसमोर येतं. तरी जोनाह लोमू हे नाव रग्बी न बघणाऱ्यांच्याही कानावरून गेलेलं असतं.

जन्म १९७५चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, आईवडील टोंगाचे. १९९४ साली, १९ वर्षं ४५ दिवसांचा असताना, तो 'ऑल ब्लॅक्स'कडून पहिली कसोटी खेळला. तोवर इतक्या लहान वयात तिथे कुणीच पोचलं नव्हतं. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक. केप टाउनच्या उपांत्य सामन्यात त्यानं इंग्लंडवर एकट्यानं चार ट्राय केले. (ट्राय म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा.) पहिल्या ट्रायच्या वेळी माइक कॅट आडवा आला, तर हा गडी त्याला तुडवून पुढे गेला! उंची सहा फूट पाच इंच, वजन १२० किलोच्या आसपास, आणि वेग शंभर मीटरवाल्याचा. अंतिम सामना मात्र यजमानांनी १५-१२ असा जिंकला.

गंमत अशी की तोवर रग्बी युनियन अधिकृतपणे हौशी खेळ होता. खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत! बुडालेल्या मजुरीची भरपाई मागणाऱ्या कामगार खेळाडूंपायी १८९५ साली उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून निघाले, तरी नियम टिकला. शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५मध्ये, तो गेला. त्याआधी जूनमध्येच मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा टीव्ही करार झाला होता.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी डॉक्टरांनी लोमूला सांगितलं, तुझ्या मूत्रपिंडाला गंभीर आजार आहे.

म्हणजे बघा, ज्या वर्षी खेळाडूच्या शरीराला उघडपणे मोल आलं, त्याच वर्षी या शरीराची झीज कळली. १९९९च्या विश्वचषकातले आठ ट्राय त्यानंतरचे. ६३ कसोटी आणि ३७ ट्राय, त्यातलंही बहुतेक त्यानंतरचंच. २००३ साली डायलिसिस सुरू झालं, २००४ साली एका मित्रानं मूत्रपिंड दिलं. त्यावर तो कार्डिफकडून पुन्हा मैदानात उतरला! २००७ साली थांबला, २०१५ साली गेला. वय अवघं ४०.

'आजारी नसता तर?' असं लोक हळहळतात. मला तो हिशोब पटत नाही. घरात कुणाच्या डायलिसिसच्या वाऱ्या झाल्या असतील, तर नुसता जिना चढणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक असेल. जे झालं नाही ते कशाला मोजायचं? त्यानं जे केलं, तेच अजून आपल्याला नीट मोजता आलेलं नाही.