शिकवायचे कोणी?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू आढळला. त्यानंतर बराच काळ सरकारने या स्त्रियांकडे रोगाचे मूळ म्हणूनच पाहिले. त्यांना तपासायचे, वेगळे ठेवायचे आणि उपदेश करायचा, एवढेच धोरण होते.

१९९२ साली कोलकात्यातल्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी वेगळी वाट धरली. वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी शिक्षिका केले. या बायका हिरवा कोट घालून दारोदार जात, निरोधविषयी बोलत, दवाखान्याची वाट दाखवत. पण कामाला लागताच अडचण कळली. निरोधाचा उपयोग सगळ्यांना पटत होता, तरी गिऱ्हाइकाला एकटीने नकार दिला तर तो शेजारच्या खोलीत जाई. सावकाराचे व्याज थांबत नव्हते, पोलिसांचे छापे चुकत नव्हते. म्हणजे अज्ञानापेक्षा एकटेपणा मोठा होता. नकार द्यायचा तर सगळ्यांनी मिळून द्यायला हवा होता.

म्हणून आरोग्याच्या जोडीला साक्षरतेचे वर्ग आले आणि १९९५ साली संघटना उभी राहिली: दुर्बार महिला समन्वय समिती. बंगालीतला हा ‘दुर्बार’ म्हणजे आपला संस्कृतातून आलेला ‘दुर्वार’, ज्याला आवरता येत नाही तो. त्याच वर्षी ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था निघाली. सभासद चांगल्या चारित्र्याचे असावेत, अशी कायद्याची अट होती. ‘गृहिणी म्हणून नोंदवा,’ असा सल्ला मिळाला. बायकांनी तो नाकारला. अखेर वाकावे लागले ते नियमालाच.

सांगलीतही १९९२ पासून ‘संग्राम’ याच वाटेने निघाली होती. तिच्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद जन्मली. सभ्य मराठीत शिवी ठरलेला शब्द बायकांनी स्वतःच्या पाटीवर लिहिला.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रियांना लागण झाली होती. सोनागाछीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच राहिले. याचे सगळे श्रेय एका प्रकल्पाला देता येणार नाही. पण शिकणारा आणि शिकवणारा यांच्या जागा बदलल्या, हे नक्की.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या हक्कांसाठी समिती नेमली, तेव्हा ‘दुर्बार’ आणि ‘उषा’ यांनाही तिच्यात जागा मिळाली. त्या समितीच्या शिफारशींवरून २०२२ साली न्यायालयाने पोलिसांना बजावले: या स्त्रियांशी सन्मानाने वागा. तीस वर्षांपूर्वी ज्यांना धडा द्यायला माणसे जात होती, त्यांच्याच शिफारशींतला धडा आता पोलिसांसमोर होता.