घासलेलं नाणं मुकं होतं



आमच्या देवघरात तांब्याची एक शिवराई आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची भांडी घासायला घेतली, तेव्हा तीही मी चिंचेच्या कोळात टाकली. वर राखेचा हात फिरवला. शिवराई लखलखली. सासूबाईंनी ती उजेडात धरली आणि हळूच म्हणाल्या, "अगं, यावर अक्षरं होती." ती अक्षरं मी एकटीनेच पुसली असं नाही. घरात दरवर्षी कुणी ना कुणी ती घासतच आलं होतं. पण उरलेली रेघ माझ्या हातून गेली.

कोणती होती ती अक्षरं? १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्या नावाच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं लिहिलेलं असतं. पुढच्या काळातही शिवराया पाडल्या गेल्या. त्यांची अक्षरं आणि खुणा थोड्या थोड्या वेगळ्या आहेत. त्या खुणांवरूनच जाणकार सांगतात, की हे नाणं कोणत्या काळातलं. आमची शिवराई कोणत्या काळातली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तांबं तेवढं राहिलं, साक्ष गेली.

साक्ष का म्हणते, त्यासाठी नाशिककडची एक गोष्ट सांगते.

नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये एका मोठ्या लेण्यात एक लेख कोरलेला आहे. तो गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा. तिचा नातू पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने ते लेणं बौद्ध भिक्षूंना दान दिलं. लेखात तिने आपल्या लेकाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरभरून वर्णन केलं आहे. त्याने क्षहरात वंशाचा पाडाव केला, असं ती सांगते. नहपान हा त्या वंशातला बलाढ्य राजा.

आता कुणीही म्हणेल, आईच ती! लेकाचं कौतुक करणारच. खरं कशावरून?

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी होती. सगळी मूळची नहपानाची, त्याचा चेहरा असलेली. पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य जिंकलं, तशी जुन्या राजाची नाणी घेतली आणि त्यांवर आपली खूण उठवली. कित्येक नाण्यांवर वरच्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अर्धामुर्धा अजून दिसतो. म्हणजे आईने दगडावर जे लिहिलं, त्याची साक्ष सतराशेहून जास्त वर्षांनी या नाण्यांनी दिली.

विचार करा, ती नाणी कुणी चिंचेने घासली असती तर? किंवा चांदी म्हणून मुशीत वितळवली असती तर? चांदी तेवढीच मिळाली असती, पण बलश्रीच्या शब्दाला साक्षीदार उरला नसता.

आपल्या घरातही असे लहान लहान साक्षीदार आहेत. आजीचा राणीछाप रुपया घ्या. तो एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १८६२ पासून त्यावर राणी, तर १८७७ पासून सम्राज्ञी असं लिहिलेलं दिसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. भोकाचा तांब्याचा पैसाही त्याच युद्धाच्या काळातला, १९४३ पासूनचा.

मग हे जपायचं कसं? पहिली गोष्ट, घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीच नको. आंबटाने धातूचा वरचा थर निघतो आणि राखेने बारीक चरे पडतात. तांब्यावरचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ती त्याची कातडी आहे. माती लागली असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात ठेवून, मऊ कापडाने टिपून, पूर्ण वाळवायचं. पुसायचं नाही, टिपायचं.

नाणं कडेने धरायचं, कारण बोटांच्या घामाचा डाग पडतो. खाली मऊ कापड अंथरायचं, म्हणजे हातून निसटलं तरी खोक पडणार नाही.

ठेवताना सगळी नाणी एका पुरचुंडीत नकोत, ती एकमेकांवर घासतात. जुन्या पांढऱ्या सुती कापडाच्या छोट्या पिशव्या शिवा. नवं कापड असेल तर खळ धुऊन काढा. एका पिशवीत एकच नाणं. तांबं आणि चांदी वेगळी ठेवा. रबरबँड आणि लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकमध्ये तांब्यावर हिरवा चिकटा येतो. पिशव्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला. चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते, तीही टाका. एखाद्या नाण्यावर भुकटीसारखा फिका हिरवा थर वाढत असेल तर ते बाजूला काढा.

आणि पूजेचं काय? दूध, दही, कुंकू यांनीही नाणं खराब होतं. आम्ही आता अभिषेक आजच्या रुपयावर करतो. शिवराई शेजारी कोरड्या वाटीत ठेवतो. देवीने अजून तरी राग धरलेला नाही!

माळेच्या रुपयाला कडी डाकवलेली असेल तर ती काढायला जाऊ नका. कुणीतरी तो गळ्यात घातला होता, हीसुद्धा त्याची साक्षच.

रोजगार हमीच्या किंवा शेतातल्या खोदकामात नाणी सापडली, तर वाटून घेऊ नका आणि धुऊही नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरना कळवावं लागतं. सापडवणाऱ्याच्या वाट्याचीही त्यात सोय आहे. जोगलटेंभीची नाणी विखरून गेली असती, तर ही गोष्ट मी आज सांगू शकले नसते.

शेवटी एक काम. गटाच्या पुढच्या बैठकीला नाणी आणू नका, चारचौघांत दाखवूही नका. घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा आणि वहीत लिहा: हे नाणं कुणाचं, कुणाकडून आलं, कधी मोडायची वेळ आली होती आणि का मोडलं नाही. राजाचं नाव नाण्यावर असतं. आपल्या आज्यांची नावं कुठेच नसतात. ती आपणच लिहायची आहेत.