वारली उठाव आणि छायाचित्राची साक्ष

डहाणू-तलासरी परिसरातील १९४५ च्या वारली उठावाचा इतिहास अभ्यासताना छायाचित्र या साधनाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत सुमारे ५,००० वारली जमले आणि वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. नेतृत्व शामराव व गोदावरी परुळेकर यांचे होते. १९३८ च्या खोतीविरोधी मोर्चात शामराव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी होते, हे वाचकांस स्मरत असेलच.

कम्युनिस्ट पक्षाचे छायाचित्रकार सुनील जाना यांनी गोदावरीबाई व वारली यांची छायाचित्रे टिपली. एरवी आदिवासी कॅमेऱ्यापुढे येई तो मानववंशशास्त्राचा नमुना म्हणून. येथे तो हक्क मागणारा माणूस म्हणून आला.

मात्र या साक्षीस मर्यादा आहेत. लग्नाच्या कर्जापोटी राबणाऱ्या लग्नगड्याचे बंधन भिंगास दिसत नाही. बंद पडलेली वेठही दिसत नाही. जे घडेनासे झाले, त्याचे चित्र कसे घ्यावे? त्यासाठी गोदावरीबाईंचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा १९७० चा ग्रंथ जवळ हवा.

शिवाय अशा चित्रांखाली नेत्यांची नावे येतात. इतर बहुधा केवळ 'वारली' उरतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथील गोळीबारात ५ वारली मारले गेले. त्यांतील जेठ्या गांगड यांचे नाव चळवळीने जपले. उरलेल्या चेहऱ्यांची नावे त्यांच्या गावपाड्यांत जाऊन विचारणे, हे संशोधकांचे पहिले कर्तव्य होय, असे आम्ही मानतो.