पेगन धर्म समजून घ्यायचा तर आधी काय वाचावे?

थॉर आणि ओडिन ही नावे सिनेमांमुळे आपल्या मुलांच्या तोंडी बसली आहेत. काहींचे कुतूहल सिनेमापाशी थांबत नाही. हे देव खरोखर कोण पूजत होते, आजही कोणी पूजते का, आणि याबद्दल पहिले पुस्तक कोणते वाचावे, असे ती विचारतात. मी इतिहासावर लिहितो म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. मला तो साधा वाटत नाही. एखाद्या धर्माबद्दलचे पहिले पुस्तक पुढच्या सगळ्या वाचनाला वळण लावते. हे आपल्याला, मुसलमानांना, कोणी समजावून सांगायला नको. इस्लामची ओळख त्याच्या विरोधकांच्या पुस्तकातून करून घेतलेली माणसे आपल्याला कमी भेटत नाहीत.

आधी शब्दाबद्दल. 'पेगन' हा शब्द लॅटिन 'पागानुस'वरून आला. त्याचा एक जुना अर्थ खेडवळ माणूस. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म वाढला तेव्हा जुन्या देवांना मानणाऱ्यांना ख्रिस्ती लोकांनी हे नाव दिले. त्या लोकांनी ते स्वतःहून घेतलेले नव्हते. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी हिंदूंना 'जेंटिओ' आणि मुसलमानांना 'मूर' म्हटले, तसाच हा प्रकार. मराठीत 'मूर्तिपूजक' म्हणून आपण मोकळे होतो. पण आज स्वतःला पेगन म्हणवणाऱ्या अनेकांच्या उपासनेत मूर्तीपेक्षा निसर्ग आणि ऋतुचक्र यांना अधिक महत्त्व असते.

दुसरी अडचण साधनांची. उत्तर युरोपातल्या जुन्या देवांच्या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः आइसलँडमधून. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक 'एड्डा', स्नोरी स्टुर्लुसन याने इ.स. १२२० च्या सुमारास लिहिलेले. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ.स. १००० च्या सुमारास. म्हणजे मधे दोनशे वर्षे गेली होती आणि लिहिणारा स्वतः ख्रिस्ती होता. त्याच्या प्रस्तावनेत हे देव मुळात आशियातून, ट्रॉयकडून आलेली माणसे होती असे म्हटले आहे.

आपल्याकडचे उदाहरण याच्याशी जुळते. इस्लामपूर्व अरबांच्या देवतांवरचे महत्त्वाचे पुस्तक 'किताब अल-अस्नाम', म्हणजे मूर्तींचे पुस्तक. ते कूफा शहराच्या हिशाम इब्न अल-कल्बी यांचे. त्यांचे निधन इ.स. ८२० च्या आसपास झाले. मक्का जिंकली गेली इ.स. ६३० मध्ये. इथेही अंतर सुमारे दोनशे वर्षांचे, आणि लिहिणारा नव्या धर्माचा. लात, उज्जा आणि मनात यांच्याबद्दल आपल्याला जे कळते त्यातले बरेच या एका मुसलमान विद्वानाने जपले म्हणून कळते. या दोघांचे ऋण मोठे आहे. पण ज्यांच्याबद्दल ते लिहीत होते ती माणसे त्यांना उत्तर द्यायला हयात नव्हती. म्हणून ही दोन्ही पुस्तके वाचावीत, पण सर्वांत आधी नकोत.

मग आधी कोणते? माझे उत्तर इब्न फदलान. बगदादच्या खलिफा मुक्तदिर यांनी इ.स. ९२१ मध्ये व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यात इब्न फदलान होते. तिथे त्यांना 'रूस' नावाचे व्यापारी भेटले, उत्तरेकडून आलेले. त्यांच्या सरदाराला जहाजात ठेवून जाळण्याचा विधी त्यांनी स्वतः पाहिला आणि लिहून ठेवला. त्यात एका गुलाम मुलीचा बळी दिला गेला, तेही त्यांनी लपवलेले नाही. जुना पेगन काळ म्हणजे नुसती निसर्गपूजा आणि स्वातंत्र्य, असे स्वप्न पाहणाऱ्याने ही पाने जरूर वाचावीत.

त्याच वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे. एक रूस माणूस दुभाष्यामार्फत अरबांची टिंगल करतो. तुम्ही आपल्या लाडक्या माणसाला मातीत पुरता, तिथे त्याला किडे खातात. आम्ही त्याला क्षणात जाळतो आणि तो लगेच स्वर्गात जातो, असा त्याचा मुद्दा. इब्न फदलान यांना रूस लोकांच्या अस्वच्छतेची किळस होती. तरी आपल्याच रीतीची ही थट्टा त्यांनी गाळली नाही. जिवंत पेगनाचा आवाज, समोरासमोर ऐकलेला, आपल्याला मिळतो तो एका मुसलमानाच्या लेखणीतून. वृत्तांत छोटा आहे आणि इंग्रजी अनुवाद मिळतो.

आता आजचे पेगन. इथे वाचकाला अधिक जपावे लागते. १९२१ मध्ये मार्गारेट मरे या विदुषीचे एक पुस्तक आले. त्यांचा जन्म कलकत्त्याचा आणि मूळ विषय प्राचीन इजिप्त. युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या स्त्रिया-पुरुष हे एका प्राचीन, संघटित पेगन धर्माचे अनुयायी होते, असा त्यांचा दावा. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' लिहिले. तो धर्म अजून जिवंत आहे आणि आपण त्यात दीक्षा घेतली, असे त्यांनी सांगितले. प्रस्तावना मरे यांची होती. आजचा 'विक्का' पंथ इथून वाढला.

पुढे इतिहासकारांनी हा पाया तपासला. नॉर्मन कोन यांनी १९७५ मध्ये दाखवले की मरे यांनी जबान्यांमधला अशक्यप्राय भाग वगळून बाकीचा पुरावा म्हणून वापरला होता. 'नव्वद लाख चेटकिणी जाळल्या' हा आकडाही टिकला नाही. आजचे अभ्यासक साधारण चाळीस ते साठ हजार मृत्यू मानतात. तेही काही थोडे नाहीत; वाढवून सांगण्याची गरजच नव्हती. या सगळ्याचा नीट इतिहास वाचायचा तर रोनाल्ड हटन यांचे १९९९ चे 'द ट्रायम्फ ऑफ द मून' घ्यावे. हटन यांचा जन्म उटीचा. ते दंतकथा बाजूला काढतात, पण माणसांची टवाळी करत नाहीत.

मात्र इतिहास चुकीचा निघाला म्हणून माणसाची श्रद्धा खोटी ठरवून पुस्तक मिटू नये. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला. ते काय मानतात हे त्यांनाच विचारले पाहिजे. अमेरिकेतल्या पत्रकार मार्गो ॲडलर यांनी तेच केले. त्या स्वतः पेगन होत्या, आणि १९७९ च्या 'ड्रॉइंग डाउन द मून'मध्ये त्यांनी शेकडो पानांत या लोकांना बोलू दिले.

तेव्हा माझा क्रम असा: आधी इब्न फदलान, मग हटन, मग ॲडलर. त्यानंतर स्नोरी, इब्न अल-कल्बी, आणि शेवटी हवे तर मरे व गार्डनर. शेवटचे दोघे धर्माचा इतिहास म्हणून नव्हे, तर तो इतिहास कसा रचला गेला याचा पुरावा म्हणून.

असे वाचन केल्याने ईमान डळमळेल, अशी भीती काही घरांत असते. अल-बिरुनी यांनी इ.स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट केले की हे खंडनाचे पुस्तक नाही. हिंदूंचे म्हणणे ते जसे मांडतात तसेच मी देणार. त्यांच्या तौहीदला त्याने धक्का लागला नाही. आपल्याबद्दल लिहिताना इतरांनी हा नियम पाळावा, अशी आपली रास्त अपेक्षा आहे. पेगनांबद्दलचे पुस्तक निवडताना तोच नियम आपण पाळला, तर ती अपेक्षा बोलून दाखवण्याचा हक्क आपल्याला राहतो.