दोन संक्रांती आणि एक संपात

लहानपणी आम्हाला दोनदा तिळगूळ मिळायचा. आजोळ कोकणातलं, तिथे टिळक पंचांग; त्यामुळे आजीची संक्रांत १० जानेवारीला, आमची १४ला. आम्हा मुलांची चंगळच! पण सूर्य मकरेत दोनदा कसा शिरतो, याचं धड उत्तर तेव्हा कुणीच दिलं नव्हतं.

उत्तर दडलंय संपातात. आकाशात विषुववृत्त आणि सूर्याचा वार्षिक मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. सूर्य तिथे आला (२० मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास) की दिवस-रात्र जवळजवळ सारखे. शब्दही बघा कसे नेमके आहेत. 'संपात' म्हणजे दोन वाटांचं एकत्र येणं, तर 'विषुव' म्हणजे दोन्ही बाजू समान असणं. एका शब्दाची नजर आकाशावर, दुसऱ्याची दिवस-रात्रीवर.

गोची अशी, की हा बिंदू स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि संपात साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी वसंतसंपात मेषेच्या आरंभी होता. आज तो २४ अंश मागे, मीनेत आहे. नावं मात्र हलली नाहीत. केरळचं 'विषू' हे 'विषुव'च, पण ते येतं एप्रिलच्या मध्यावर!

आता हे अंतर मोजायचं कुठून? बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्यावरून मोजतात, टिळक पंचांग रेवतीवरून. दोन्हींत फरक सुमारे चार अंशांचा, म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवसांचा. झाल्या दोन संक्रांती!

मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून आपलं राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. त्याचा १ चैत्र थेट वसंतसंपाताशी बांधलेला आहे. सण मात्र आपण आपल्या जुन्या पंचांगांप्रमाणेच करत राहिलो.

आजी म्हणायची, "संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो." कॉलेजात गेल्यावर मी शहाणपणा करून तिला ऐकवलं, की तो २२ डिसेंबरपासूनच वाढायला लागतो. ती शांतपणे म्हणाली, "वाढतो ना? मग झालं तर."

आजी गेली आणि आमच्याकडे एकच संक्रांत उरली. गणित आता मला नीट कळतं. तरी १० जानेवारीला सकाळी उगाचच तिळगुळाची आठवण होते.