अप्पा पंतांचे कागद: कोणते सरकारचे, कोणते घरचे?

राजदूत निवृत्त होऊन घरी परततो, तेव्हा त्याच्या ट्रंकांमध्ये काय असतं? डायऱ्या, फोटो, जेवणाची आमंत्रणं, मुलांच्या शाळेची पत्रं. अनेकदा त्याच ढिगात एखाद्या अहवालाची कार्बन कॉपीही सापडते. कायद्याने बघायला गेलं तर ती सरकारची. पण असे कागद कुणीतरी जपले आणि नंतर एखाद्या ग्रंथालयाला दिले, म्हणून पुढच्यांना इतिहास लिहिता आला, हेही तितकंच खरं. एपिसोडमध्ये हा मुद्दा घाईत निसटला, म्हणून इथे जरा सावकाश बोलू. आणि त्यासाठी माणूस आपलाच घेऊ: औंधचे अप्पासाहेब पंत.

अप्पांचा जन्म 1912 चा. सूर्यनमस्कारांसाठी ओळखले जाणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे वडील. ऑक्सफर्ड झालं, बॅरिस्टरी झाली आणि 1937 मध्ये अप्पा परतले. लगेच पुढच्या वर्षी औंधच्या राजाने स्वतःहून सत्ता प्रजेकडे सोपवायचं जाहीर केलं. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने राज्यघटना तयार झाली, ती 1939 पासून लागू झाली. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांची खुली वसाहत, हीही त्याच प्रयोगातली. ‘दो आँखें बारह हाथ’ची मुळं तिथे आहेत. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि राजपुत्र बेकार झाला, असं गमतीने म्हणता येईल. पण नेहरूंनी त्याच वर्षी त्यांना नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून पाठवलं. तिथून 1975 पर्यंत गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम असा प्रवास झाला.

त्यांचे कागद आज दिल्लीत तीन मूर्ती भवनात आहेत. नेहरू स्मृती संग्रहालय आणि ग्रंथालय असं त्या संस्थेचं नाव होतं, 2023 पासून ती प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय झाली. आफ्रिका असो की हिमालय, भारताच्या परराष्ट्र धोरणावर काम करणाऱ्या अनेक अभ्यासकांच्या तळटिपांमध्ये ‘अप्पा पंत पेपर्स’ भेटतातच.

आता मुद्द्याची गोष्ट. नैरोबीच्या सहा वर्षांचा हाच माणूस तीन वेगवेगळ्या कपाटांत तीन वेगवेगळे चेहरे घेऊन बसलाय.

पहिलं कपाट लंडनचं. ब्रिटिश वसाहत खात्याच्या फायलींमध्ये अप्पा पंत म्हणजे डोकेदुखी. हा मनुष्य जोमो केन्याटा आणि म्बियू कोइनांगे यांच्याशी घरोबा ठेवतो, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला जा म्हणून शिष्यवृत्त्या मिळवून देतो, राजनैतिक मर्यादा सोडतो, असा त्यांचा सूर. ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी लागली, केन्याटांवर कापेनगुरियाला खटला चालला, त्यांच्या बचावासाठी भारतातून खासदार दिवाण चमनलाल गेले. मग तर तक्रारींचा पाऊसच. अखेर 1954 मध्ये अप्पांना तिथून निघावं लागलं.

दुसरं कपाट नेहरूंचं. त्यांच्या निवडक लेखनाच्या खंडांमध्ये अप्पांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यांत पाठराखण आहे आणि सांभाळून राहा हेही आहे. आफ्रिकनांच्या मागण्यांना पाठिंबा, पण हिंसेला नाही, अशी ती भूमिका. वरिष्ठाने हाताखालच्याला लिहिलेली पत्रं वाचताना एक लक्षात ठेवावं लागतं: नेहरू जे बजावतात, ते बहुधा समोरच्याने आधीच करून ठेवलेलं असतं!

तिसरं कपाट अप्पांचं स्वतःचं. तिथे माणूस आपली बाजू मांडतो, आणि त्यात थोडी स्वतःची आरती असणारच. ‘अ मोमेंट इन टाइम’ हे त्यांचं 1974 चं आत्मकथन वाचलं की तो गोडवा जाणवतो. प्रत्येक देशात त्यांना कुणी ना कुणी आध्यात्मिक सोबती भेटतो. मला ते कधीकधी जास्त होतं. पण आत्मकथन आणि कागद यांत मोठा फरक आहे. आत्मकथन निकाल माहीत झाल्यावर लिहिलेलं असतं. 1953 मधल्या पत्राला 1963 मध्ये केनिया स्वतंत्र होणार हे ठाऊक नसतं. म्हणून पत्र जास्त मोलाचं.

यात पणाला काय होतं? पूर्व आफ्रिकेतले भारतीय. दुकानदार, कारकून, रेल्वेतले लोक. वर गोरा मळेवाला, खाली जमीन गेलेला आफ्रिकन, आणि मधे हे. आफ्रिकनांच्या हिताला प्राधान्य द्या, त्यांच्या मर्जीनेच इथे राहता येईल, असं दिल्लीचं धोरण सांगत होतं आणि ते समजावण्याचं काम अप्पांकडे होतं. अनेकांना ते रुचलं नसणार. मी हे रास अल खैरमध्ये बसून लिहितोय. फॉस्फेट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या या गावात आम्हा भारतीयांपुढे तो प्रश्न तसा उभाच राहत नाही, करार संपला की परत. नैरोबीच्या दुकानदाराला मात्र परत जायला घर उरलेलं नव्हतं. त्याची बाजू या तिन्ही कपाटांत फार थोडी सापडते. ती सापडली तर घरगुती पत्रांतच, आणि त्यांचं काय झालं हे सांगायला नकोच. रद्दीवाल्याने नेली असतील.

गंगटोकच्या कागदांची जात वेगळी. 1955 पासून 1961 पर्यंत अप्पा तिथे पोलिटिकल ऑफिसर होते. हे पद इंग्रजांनी निर्माण केलेलं. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधल्या भारतीय कचेऱ्या, सगळं एकाच टेबलावर. 1958 मध्ये नेहरू नथू ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तो प्रवास याच काळातला. मार्च 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले तेव्हाही खुर्चीवर अप्पाच. ल्हासातून येणारी माहिती, व्यापाऱ्यांच्या गप्पा, यात्रेकरूंनी सांगितलेलं, हे सगळं गाळून दिल्लीला कळवायचं. सीमेबद्दलच्या सरकारी फायली खुल्या व्हायला फार वेळ लागतो. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानंतर तीस वर्षांपेक्षा जुन्या फायली वाचकांसाठी खुल्या होऊ शकतात, पण आधी खात्याने त्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवल्या पाहिजेत ना! म्हणून अशा विषयांत खासगी संग्रह आधी वाचले जातात आणि सरकारी फाइल नंतर.

इथे ‘डी.ओ.’ पत्राबद्दल सांगायलाच हवं. डेमी ऑफिशियल, म्हणजे अर्धशासकीय. सरकारी नोकरी केलेल्या कुठल्याही मराठी घरात हा शब्द माहीत असतो. मायना नावाने, सही स्वतःची, विषय मात्र कामाचा. फाइलवरच्या टिपणात जे लिहिता येत नाही, म्हणजे अमुक मंत्री ऐकत नाही, तमुक अधिकारी घाबरट आहे, ते डी.ओ.त जातं. मुत्सद्द्याच्या संग्रहातला सगळ्यात रसाळ भाग बहुतेक वेळा हाच. आणि सरकारचं कुठे संपतं, माणसाचं कुठे सुरू होतं, हे ठरवणं सगळ्यात अवघड होतं तेही इथेच.

एक गोष्ट खटकते. संग्रहाला नाव असतं ते अधिकाऱ्याचं. अप्पांच्या पत्नी नलिनीताई स्वतः सर्जन होत्या. इतकी वर्षं देशोदेशी राहिलेल्या डॉक्टर बाईने काय पाहिलं असेल? सूचीत शोधताना मात्र नवऱ्याच्या नावाखालीच शोधावं लागतं.

ज्यांना यात उतरायचंय त्यांनी नेहरूंच्या खंडांपासून सुरुवात करावी, ते इंटरनेटवर फुकट आहेत आणि रास अल खैरमध्येही उघडतात. 1952 आणि 1953 ची पत्रं आधी काढा. मग अप्पांचं आत्मकथन. तीन मूर्तीची खेप त्यानंतर, हातात तारखांची यादी घेऊनच, नाहीतर पहिले दोन दिवस आमंत्रणपत्रिका चाळण्यात जातात.